मे महिन्यातला मफलर

सोमलिंग माणूस म्हणून अगदी साधा आहे. पण त्याच्या हातात कोणाचं लग्न सापडलं की तो साधा राहत नाही.

सास्तूरच्या बाजारात त्याचं दुकान आहे. पाटीवर 'मंगल फोटो, व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग' असं लिहिलेलं आहे आणि खाली एक लाल गुलाब काढलेला आहे. हा गुलाब म्हणजे सोमलिंगची सही. त्याच्या व्हिडिओत नवरी पाटावर बसली की आभाळातून गुलाब पडतात, नवरदेव घोड्यावर चढला की गुलाब पडतात, घोडा बिथरला तरी गुलाब पडायचे थांबत नाहीत. एकदा एका वास्तुशांतीच्या व्हिडिओत चुकून गवंड्यावर गुलाब पडले. तो गवंडी अजून सोमलिंगला वाट वाकडी करून रामराम घालतो.

हे सगळं तो एका जुन्या लॅपटॉपवर, फुकटातल्या सॉफ्टवेअरवर करतो. फुकटातलं असल्यामुळे प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात त्या सॉफ्टवेअरचं नाव पांढऱ्या अक्षरांत उमटतं. लोहारा तालुक्यातल्या निम्म्या लग्नांत ते आहे. म्हाताऱ्या बायकांना ते देवाचं नाव वाटतं आणि व्हिडिओ लावला की त्या आधी कोपऱ्याला हात जोडतात. सॉफ्टवेअरमध्ये कात्रीचं चित्र असलेलं एक बटण आहे. ते दाबलं की चित्र तुटतं. तुटलेले तुकडे ओढून एकमेकांना चिकटवायचे, खाली गाणं लावायचं, की झालं मिक्सिंग. मग सगळं शिजायला ठेवायचं, त्याला रेंडरिंग म्हणतात. लॅपटॉपची बॅटरी जेमतेम पाव तास टिकते, त्यामुळे रेंडरिंग चालू असताना घरात काही जादा लावलं आणि फ्यूज उडाला, तर पहिल्यापासून सुरुवात. म्हणून सोमलिंगची बायको महेश्वरी त्या वेळात मिक्सर लावत नाही, शेंगाची चटणी उखळात कुटते. त्यांच्या घरची चटणी गावात नावाजलेली आहे, तिचं श्रेय या फुकटातल्या सॉफ्टवेअरला आहे.

आता त्याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

कॅमेरा एक असतो आणि लग्नात एकाच वेळी दहा ठिकाणी दहा गोष्टी चालतात. नवरीची आई नेमकी रडते तेव्हा सोमलिंग बॅटरी बदलत असतो. मामा नाचतो तेव्हा तो जेवत असतो. मग व्हिडिओत भोकं पडतात. ती बुजवायला सोमलिंगने वर्षानुवर्षं शिल्लक माल साठवून ठेवला होता. लॅपटॉपमध्ये त्याचे कप्पे होते: पंगत, वरात, हसणे, रडणे-बायका, रडणे-पुरुष. शेवटचा कप्पा लहान आणि मौल्यवान. आपल्याकडचे पुरुष रडायला लागले की आधी तोंड फिरवतात आणि मग रडतात, त्यामुळे माल मिळत नाही. तर एका लग्नाचं भोक दुसऱ्या लग्नाच्या तुकड्यानं बुजायचं. बघणारे आपापली माणसं शोधण्यात दंग असतात. मधे एखादी अनोळखी आत्या रडून गेली तर ती पलीकडच्या पक्षाची असेल असं दोन्ही पक्षांना वाटतं.

आणि एक नियम होता. रडण्यानंतर लगेच हसणं लावायचं. पाठवणीचा हंबरडा झाला की कोणीतरी पोट धरून हसताना दाखवायचं. नाहीतर घरात व्हिडिओ बघणारे उदास होतात, आणि उदास झालेलं घर धाकट्या पोरीच्या लग्नाला दुसरा शूटिंगवाला बघतं. हा नियम सोमलिंगच्या बोटांत इतका मुरला होता की त्याला तो नियम आहे हेसुद्धा आठवत नसे.

अशा माणसाच्या हाती योगीराज सरांनी सिनेमा दिला.

योगीराज सर तालुक्याच्या एका कॉलेजात शिकवतात. त्यांच्या डोक्यात बरेच दिवस 'शेवटचं मेंढरू' नावाचा सिनेमा फिरत होता. एक म्हातारा कळप विकून एकच मेंढा राखतो आणि तोही मरतो, एवढीच गोष्ट. कॅमेरा सोमलिंगचा, मेंढरं बिराप्पाची. मेंढरांबरोबर बिराप्पाही आला म्हणून तोच हिरो झाला. बिराप्पाचा दोस्त ईरण्णा याला गावातल्या शहाण्या माणसाचं काम मिळालं. त्यात एकही वाक्य नव्हतं. फक्त शहाण्यासारखं उभं राहायचं होतं, आणि ईरण्णाला ते फार जड गेलं.

बिराप्पा मेंढपाळ, ईरण्णा लिंगायत शेतकरी. एक बोलायला लागला की दिवसाला चार वाक्यं, दुसरा एका श्वासात मराठी आणि कानडी मिळून चाळीस. पण रब्बी निघाली की बिराप्पाची मेंढरं पहिल्यांदा बसायची ती ईरण्णाच्या ओढ्याकाठच्या रानात. मेंढरं रात्री रानात बसली की लेंडीखत पडतं आणि पुढचं पीक तरारून येतं, म्हणून कळपाला मागणी असते. बिराप्पाला बाकीचे शेतकरी आधी बोलावून ठेवायचे. पण पहिला मुक्काम ईरण्णाकडं, हे कोणी ठरवलेलं नव्हतं आणि कोणी मोडलेलंही नव्हतं.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे बिराप्पाचा धाकटा भाऊ धुळाप्पा जुन्या गावातल्या घराखाली गेला. ईरण्णाने हातांनी दगड उपसून त्याला बाहेर काढलं. उपयोग झाला नाही. ईरण्णाच्या उजव्या हाताची दोन नखं तेव्हापासून वाकडीच उगवतात. या विषयावर ते दोघं कधीही बोललेले नाहीत.

मेंढा मरतो त्या प्रसंगाचं शूटिंग होतं. मेंढा पोटभर कडबा खाऊन बाभळीखाली आडवा झालेला, म्हणजे त्याचं काम तो चोख करत होता. बिराप्पाला रडू येईना. सरांनी बाम लावला, कांदा कापला.

"सर, मेंढरू जित्तं हाय," बिराप्पा म्हणाला. "त्येचं प्वाट वर-खाली होतंय. म्या कशाला रडू?"

"तात्या, मग दुसरं काहीतरी आठवा."

बिराप्पा खाली बसला. मग मेंढ्याच्या मानेवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "ऊठ की रं, धुळाप्पा. उजाडलं की." आणि त्याला रडू फुटलं; भोवती कोण आहे, कोण नाही, हे त्याला दिसेनासं झालं.

भोवती जमलेल्या पोरांना वाटलं, धुळाप्पा हे मेंढ्याचं नाव. चाळिशीच्या वरचे लोक खाली बघत उभे राहिले. कॅमेऱ्यामागं सोमलिंगच्या कानाला हेडफोन होता. त्याने नाव स्पष्ट ऐकलं. तो भूकंपाच्या वेळी लहान होता, पण धुळाप्पा कोण हे सास्तूरमध्ये कोणाला सांगावं लागत नाही. त्याच्या अंगावर काटा आला. आणि, खोटं कशाला सांगायचं, त्याच काट्यासकट त्याच्या मनात आलं: रडणे-पुरुष! असा माल जन्मात मिळायचा नाही!

ईरण्णा त्या दिवशी उमरग्याला गेला होता. परत आल्यावर त्याला झाला प्रकार कळला आणि त्या विषयावर बोलायचं नाही या जुन्या रिवाजाने तो बिराप्पाकडं गेलाच नाही. आपण तिथं नव्हतो, हेही त्याने सांगितलं नाही.

पुढं दुसऱ्या कुठल्या दिवशी, त्याच बाभळीखाली, तोच मेंढा मेलेला असताना मधेच उठला आणि योगीराज सरांची हॅट खाऊ लागला. दिग्दर्शकाला हॅट लागते म्हणून सरांनी ती सोलापूरहून आणलेली होती. बिराप्पा तेव्हा कळपाला पाणी पाजायला गेला होता; तिथं सर, सोमलिंग आणि ईरण्णा एवढेच होते. शहाणा माणूस म्हणून उभा असलेला ईरण्णा पोट धरून, डोळे मिटून, मागच्या बाभळीला टेकून हसला. सोमलिंगचा कॅमेरा चालूच होता.

"आता ट्रेलर," सर म्हणाले. "ट्रेलर आधी, सिनेमा मागून. मोठे लोक असंच करतात."

सोमलिंगने आयुष्यात ट्रेलर केला नव्हता. पण आखूड लग्न म्हणजे ट्रेलर, असं त्याने मनाशी ठरवलं आणि कामाला लागला. पहिल्या झटक्यात मेंढरांवर गुलाब पडले. सरांनी ते काढायला लावले. सोमलिंग दुखावला. मग त्याने सिनेमाचं नाव गरगर फिरवून आणलं, वाऱ्याचा आवाज लावला, आणि शेवटाला बिराप्पाचं रडणं ठेवलं. तिथं अडचण आली. 'उजाडलं की' म्हटल्यावर, रडण्याच्या ऐन भरात, सरांचा हात कागद घेऊन मधे घुसला होता. दोन सेकंदांचं भोक.

सोमलिंगने विचार केला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण भोक दिसल्यावर त्याची बोटं विचार करत नाहीत. रडण्यानंतर हसणं! बोटं टाकाऊ तुकड्यांत गेली, ईरण्णाचं हसणं सापडलं, तीच बाभळ, तेच ऊन. कात्री, ओढ, चिकटव. इतकं बेमालूम बसलं की सोमलिंगने स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. लगेच रेंडरिंग लावलं, महेश्वरीने उखळ काढलं, आणि चटणी होईपर्यंत ट्रेलर झाला. पुढं लग्नसराईसाठी जागा हवी म्हणून त्याने टाकाऊ तुकडे पुसून टाकले. सरांनी पसंत केलेलं तेवढं राहिलं. हॅट, मेंढा, बाभळीला टेकलेलं हसू, सगळं गेलं.

ट्रेलर गावभर झाला. सरांना वाटलं लोकांना सिनेमा आवडतोय. लोकांना ती शेवटची दोन सेकंदं आवडत होती. एक म्हातारा हमसून रडतोय आणि त्याचा जिवलग दोस्त पोट धरून हसतोय! पोरांनी तेवढंच कापून स्टेटसला ठेवलं, वर लिहिलं, 'दोस्त असावा तर असा.'

बिराप्पाकडं साधा फोन आहे. त्याला हे चहाच्या टपरीवर कोणीतरी हौसेनं दाखवलं. त्याने बघितलं. "परत लाव," म्हणाला. परत बघितलं. फोन परत दिला आणि निम्मा चहा तसाच ठेवून उठला.

आणि त्या वर्षी रब्बी निघाल्यावर बिराप्पाची मेंढरं ईरण्णाच्या बांधावरून सरळ पुढं निघून गेली. ईरण्णाने रान साफ करून ठेवलं होतं, मेंढरांसाठी पाण्याची दगडी दोणी काठोकाठ भरून ठेवली होती. तो बांधावर उभाच होता. पुढचा मेंढा जुन्या सवयीनं वळला, तर बिराप्पाने त्याला काठीनं परत रस्त्यावर आणलं.

गावाला जे समजायचं ते समजलं.

"एकेकाचं असतंय," लोक म्हणू लागले. "इतकी वर्सं वैर पोटात ठिवलं, कॅमेऱ्यापुढं भाईर आलं."

सोमलिंगचं जेवणात लक्ष लागेना. कडक भाकरी हातात धरून तो नुसता बसायचा. महेश्वरीने दोन-चार दिवस बघितलं.

"काय झालंय? भाकरीला कामून रागं भरताव?"

सोमलिंगने सांगितलं. महेश्वरी ऐकत गेली तशी तिची चटणी कुटायची गती कमी होत गेली.

"म्हंजे ईरण्णाकाका हसलेच न्हाईत?"

"हसले. हॅटला हसले."

"आन तुमी ते रडण्याला चिकटिवलं."

"बोटानं चिकटिवलं."

"बोटं कुणाची हुती?" महेश्वरी म्हणाली आणि पुन्हा कुटू लागली. थोड्या वेळानं मुसळ थांबलं. "एक सांगा. आपल्या लग्नाच्या व्हिडिओत मला सोडताना माझे आप्पा मोठ्ठ्यानं हसताना दिसत्यात. मी त्यांच्यासंगट आजवर मनातल्या मनात भांडते. ते हसलेले खरे का?"

सोमलिंगने भाकरी ताटात ठेवली.

"उद्याच्या उद्या बिरूतात्याकडं जावा," महेश्वरी म्हणाली. "आप्पांचं मागनं बघते मी."

पण सोमलिंग आधी सोपी दारं ठोठावून आला. योगीराज सर म्हणाले, "वाद झाला तर वाईट काय? सिनेमाला गर्दी होईल." मग तो ईरण्णाकडं गेला. ईरण्णा दोणीतलं शिळं पाणी ओतून ताजं भरत होता. मेंढरं येणार नव्हती, तरी तो हे रोज करत होता.

"काका, मी तात्याला जाऊन सांगतो. तुमी त्या दिवशी उमरग्याला हुता."

"नको." नेहमी चाळीस वाक्यं बोलणारा ईरण्णा एका शब्दावर थांबला. मग म्हणाला, "त्येनं मला इचारलं का? न्हाय. काठीनं मेंढरू वळवलं. फोनवरच्या तसवीरीवर इश्वास बसला, आन माझ्यावर न्हाय. होगली बिडू." जाऊ दे म्हणायचं असलं की ईरण्णा कानडीत म्हणतो. पण बादली त्याने अशी आपटली की काही जाऊ दिलेलं नाही हे कळत होतं.

शेवटी सोमलिंग बिराप्पाकडं गेला. हात जोडून म्हणाला, "तात्या, ते हसणं दुसऱ्या दिवसाचं हाय. मी जोडलं."

बिराप्पाने त्याच्याकडं बघितलं. "दुसऱ्या दिवसाचं हसू ह्या दिवसाच्या रडण्याला कसं चिकटंल? येडा समजतोस का? ईरण्णानं धाडलं तुला."

"दाखवतो की!" असं सोमलिंगच्या तोंडावर आलं आणि तिथंच विरघळलं. दाखवायला काय होतं? हॅट पुसलेली होती.

घरी येऊन तो लॅपटॉप उघडून बसला. ईरण्णाच्या हसण्याचा पुरावा नाही. पण आपण अशी जोडाजोड करतो याचा पुरावा तर आहे? गावातल्या निम्म्या कपाटांत आहे! फक्त बिराप्पाला पटेल असा पाहिजे. आणि मग त्याला आठवलं, आणि आठवल्यावर, याच्यापेक्षा आधीची न खाल्लेली भाकरी बरी होती, असं वाटायला लागलं.

बिराप्पाच्या मुलीचं, अक्षदाचं लग्न सोमलिंगनेच केलं होतं. म्हणजे लावलं भटजींनी, बाकी सगळं सोमलिंगने. त्या व्हिडिओत पाठवणीच्या वेळी अक्षदा गाडीत बसते आणि मांडवाच्या कडेला ईरण्णा ढसाढसा रडताना दिसतो. बिराप्पाच्या घरचं हे देवघरातलं चित्र आहे. बिराप्पाची बायको सीताबाई आल्या-गेल्याला तेवढंच लावून दाखवते. "पोटच्या पोरीला रडावा तसा रडला," म्हणते. बिराप्पा काही म्हणत नाही, पण बघताना मिशीवरून हात फिरवतो.

ते रडणं अक्षदाच्या लग्नातलं नव्हतं. ते येळवशीचं होतं. येळवशीला, म्हणजे ऐन थंडीतल्या अमावस्येला, सगळं गाव रानात जेवायला जातं, तेव्हा सोमलिंग सरपंचाच्या रानात शूटिंगला गेला होता आणि ईरण्णा भज्जीच्या, म्हणजे त्या सणाच्या मिसळ भाजीच्या, पातेल्याजवळ चुलीच्या धुराकडं तोंड करून बसला होता. डोळ्यांतून धारा. रडणे-पुरुष.

म्हणजे ईरण्णाचं हसणं खोटं ठरवायचं, तर त्याचं रडणंही खोटं ठरवावं लागणार होतं. दोस्ती वाचवायला दोस्तीचा एकुलता एक पुरावा फोडायचा. आणि एकदा ही गोष्ट बिराप्पाच्या घरातून बाहेर पडली, की गावातल्या प्रत्येक कपाटातली आत्या, मामा आणि पंगत उठून दुकानात येणार, हेही सोमलिंगला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप पाठीला लावला, मोटारसायकल काढली आणि माळावर गेला. ऊन मी म्हणत होतं. बिराप्पा मेंढरांपाशी उभा होता.

"पुन्हा आलास?"

"एकदा बघा तात्या. मग मारा."

लॅपटॉप उघडला तर उन्हात पडद्यावर काहीच दिसेना. दिसत होतं ते दोघांचं तोंड. बिराप्पाने बराच वेळ स्वतःचंच तोंड बघितलं, मग वैतागून खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि दोघांच्या डोक्यावरून टाकलं. वैशाखातलं ऊन, वर लोकरीचं घोंगडं, आत दोन माणसं आणि तापलेला लॅपटॉप. बाहेरून मेंढरांना हे नवीनच काहीतरी जनावर दिसलं असावं. दोन-तीन मेंढ्या येऊन हुंगून गेल्या.

सोमलिंगने पाठवणी लावली. अक्षदा गाडीत बसली. ईरण्णा रडला. अंधारात बिराप्पाचा हात सवयीने मिशीकडं गेला.

"अक्षदाचं लगीन कवा झालं, तात्या?"

"मे म्हैन्यात. बैलं धापत हुती."

"मग काकांच्या कानाला काय हाय?"

बिराप्पा पुढं वाकला. सोमलिंगने चित्र थांबवलं. ईरण्णाच्या डोक्याला कानावरून घट्ट बांधलेला तपकिरी मफलर होता. वर्षानुवर्षं सगळ्या घराने, पाहुण्यांनी, दोन्ही व्याह्यांनी हे चित्र बघितलं होतं, आणि मे महिन्यातला मफलर कोणालाही दिसला नव्हता.

"मफलर," बिराप्पा म्हणाला.

"येळवशीचं हाय हे. चुलीचा धूर गेला डोळ्यात. मी लग्नात लावलं. तसंच ते हसणं. सरांची हॅट मेंढ्यानं खाल्ली तवाचं. तुमी रडला त्या दिवशी काका गावातच नव्हते."

घोंगड्याखाली दोघांना घामाच्या धारा लागल्या होत्या. बिराप्पाने मिशीवरचा हात काढला.

"म्हंजे ईरण्णा माझ्या पोरीच्या लग्नात रडला न्हाय."

"तुकडा न्हाय माझ्याकडं."

"मग तवा हुता कुठं त्यो?"

सोमलिंग आठवू लागला. त्याने त्या वेळचं शूटिंग केलं होतं, पण व्हिडिओत घेतलं नव्हतं; घेण्यासारखं नव्हतं. "तुमच्या मागं हुते, तात्या. अगदी चिकटून. नुसती पाठ दिसत हुती. मिक्सिंगमधी पाठीला काय किंमत न्हाय, म्हणून मी ते काढून टाकलं आन धूर लावला."

बिराप्पा हळूहळू म्हणाला, "गाडी हालली तवा माझं पाय गेलं हुतं. मागनं कुणीतरी काखंत हात घालून उभा धरला मला." त्याने स्वतःच्या काखेला हात लावला. "ईरण्णा. इसरूनच गेलो हुतो. तुझा व्हिडिओ बघून बघून त्यो रडतानाच आठवायचा."

सोमलिंगला वाटलं, सुटलो. तेवढ्यात बिराप्पाने विचारलं, "सोमलिंग, म्या मेंढ्याला काय म्हणलो, ते तुला ऐकू आलं हुतं?"

"आलं हुतं."

"धुळाप्पा कोण, म्हाईत हुतं?"

"व्हय."

"तरीबी जाहिरातीत लावलंस?"

सोमलिंगकडं सांगण्यासारख्या पुष्कळ गोष्टी होत्या. बोटांची सवय होती, सरांची घाई होती, लग्नसराई होती. यातलं काहीच त्याच्या तोंडून निघालं नाही.

"तरीबी लावलं, तात्या."

बिराप्पाने घोंगडं ओढून घेतलं. उजेड सोमलिंगच्या डोळ्यांत घुसला आणि पाणी आलं. ते कुठल्या कप्प्यात ठेवायचं हे त्याचं त्यालाच ठरवता आलं नसतं. बिराप्पा उभा राहिला, जीभ टाळूला लावून त्याने एक आवाज काढला आणि कळप वळला.

"तू मागनं ये," तो म्हणाला. "फटफटी चालू करू नगंस. ढकल."

तर सोमलिंग बंद मोटारसायकल ढकलत, पाठीला लॅपटॉप लावून, सगळ्या कळपाच्या धुळीतून ईरण्णाच्या रानापर्यंत चालत गेला. ईरण्णा दोणीशी उभा होता. मेंढरं परवानगी न विचारता पाण्यावर तुटून पडली.

"उशीर केलास," ईरण्णा म्हणाला.

"ह्यो आडवा आला," बिराप्पाने मागं अंगठा केला.

"आन तुला खरं वाटलं?"

"वाटलं." बिराप्पाने मान खाली घातली. "चुकलं माझं."

ईरण्णाला यानंतर चाळीस वाक्यं बोलायचा पूर्ण हक्क होता आणि त्याने तो वापरलाही, निम्मा कानडीत. सगळं झाल्यावर बिराप्पाने त्याला मफलरचं सांगितलं. ईरण्णा आ वासून बघत राहिला.

"म्हंजे म्या रडलो न्हाय? आरं, घरात समदे म्हणत्यात रडलास, व्हिडिओत दिसतोय. मलाबी वाटलं रडलोच आसंन!"

पुढचे काही आठवडे सोमलिंगच्या दुकानात रांग होती. लोक व्हिडिओ घेऊन येत आणि एकेका माणसावर बोट ठेवून विचारत, ह्यो आमच्या लग्नात हुता का? सोमलिंग खरं सांगत होता. दोन जणांनी त्याला शिव्या दिल्या, एकाने सासऱ्याला फोन करून अनेक वर्षांनी माफी मागितली. त्या उन्हाळ्यातली बरीचशी लग्नं दुसऱ्या शूटिंगवाल्याकडं गेली. महेश्वरीने तिच्या आप्पांना फोन लावला आणि तासभर बोलत बसली. त्या दिवशी रेंडरिंगला काहीच नसूनही तिने चटणी उखळातच कुटली, आणि मुसळाचा आवाज सोमलिंगला दुकानापर्यंत ऐकू येत होता. सीताबाईने मात्र व्हिडिओ बदलून घ्यायला साफ नकार दिला. "मफलर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला त्योच आवडतो."

ट्रेलर नवा झाला. बिराप्पाची एकच अट होती, तीही त्याने ईरण्णाच्या तोंडून कळवली: रडणं सिनेमात राहू दे, गोष्टीत त्याला जागा आहे, जाहिरातीत नको. ईरण्णाचीही अट होती. त्याचं हसणं तेवढं जुन्या ट्रेलरमधून कापून ठेवलेलं होतं, ते वाया घालवायचं नाही.

"कशाच्या मागं लावू, काका?"

"सरांच्या नावामागं लाव," ईरण्णा म्हणाला. म्हणून आता दिग्दर्शक योगीराज अशी अक्षरं गरगरत येतात आणि त्यांच्यावर एक शहाणा माणूस पोट धरून हसतो. सरांना वाटतं हा त्यांचा प्रयोग आहे.

सिनेमा दिवेलागणीला शाळेच्या मैदानात पांढऱ्या कापडावर दाखवला. सोमलिंग सगळ्यांच्या मागं लॅपटॉपपाशी बसला होता. तो प्रसंग आला. ऊठ की रं, धुळाप्पा. उजाडलं की. आणि रडण्याच्या भरात सरांचा हात कागद घेऊन मधे आला. सोमलिंगने ते भोक बुजवलं नव्हतं. दोन सेकंदं तो हात तसाच पडद्यावर राहिला आणि मैदानात कोणी हसलं नाही.

सोमलिंग पडद्याकडं बघतच नव्हता. पुढच्या रांगेत दोन पाठी होत्या. एक वाकलेली होती आणि दुसरीचा हात तिच्या काखेत गेलेला होता. कॅमेरा सोमलिंगच्या मांडीवर होता. त्याने झाकण काढलं, आणि परत लावलं.

उठून जाताना बिराप्पा लॅपटॉपपाशी थांबला. माळावरच्या त्या दिवसानंतर तो सोमलिंगशी बोलला नव्हता. दुकानावरून जाताना मान दुसरीकडं करायचा.

"मधी हात आला एक," तो म्हणाला. "कुणाचा त्यो?"

"सरांचा, तात्या. काढायचा का?"

बिराप्पाने खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला, आणि ईरण्णाच्या मागोमाग निघाला.